वाकोल्यातील एका फळीची ओळखपरेड

जगातल्या कोणत्याही वस्तूला स्वतःची ओळख स्वतः सांगता येत नाही. माणसाला सांगता येते, पण त्याने सांगितलेली कुणी मानत नाही, त्यामुळे गोष्ट शेवटी तिथेच येते. ही अडचण दूर करण्यासाठी समित्या असतात. समिती बसली की वस्तू कोण आहे ते ठरतं, आणि मग वस्तूने त्याप्रमाणे वागायचं असतं.

वाकोल्याच्या मैत्रीधाम सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सचिव गुणाजी धुरी यांची या व्यवस्थेवर मनापासून श्रद्धा होती. वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, वडील गिरणीत होते, गाव वेंगुर्ल्याच्या अलीकडे. सलग एकोणीस वर्षं ते सचिव होते, कारण एकोणीस वर्षांत त्या पदासाठी दुसऱ्या कुणी अर्जच भरला नव्हता. (याला संस्थेच्या इतिवृत्तात 'एकमताने निवड' म्हटलं आहे आणि ते खोटं नाही.)

मैत्रीधामच्या आवारात, बदामाच्या झाडाखाली, एक लाकडी फळी होती. जुन्या घराच्या जोत्याच्या दोन दगडांवर ती टेकवलेली असे. लांबी चार फूट साडेसात इंच. एक टोक जाड, त्याला अर्धवर्तुळाकार खाच. दुसरं टोक निमुळतं, आणि एका कडेला पितळी पत्रा ठोकलेला. ही फळी मुळातच पिळलेली होती. एक टोक आकाशाकडे बघायचं, तर दुसरं गटाराकडे. त्यामुळे तिच्यावर बसलेला माणूस हळूहळू डावीकडे सरकत जाई. गुणाजी चाळीस वर्षं रोज संध्याकाळी उजवीकडे बसायचे आणि चहा संपेपर्यंत मध्यभागी यायचे. यात कुणाला काही गैर वाटत नसे.

डावीकडची, म्हणजे जाड टोकाची जागा क्लॅरिसबायची. क्लॅरिस किणी, वय सत्त्याऐंशी, तळमजल्यावरच्या हर्बर्ट किणीची थोरली बहीण. मैत्रीधाम ज्या जमिनीवर उभं आहे, ती किणींच्या गावठाणातल्या घराची. चौऱ्याऐंशी साली हर्बर्टने जमीन दिली तेव्हा एकच अट घातली होती, की बायची बसायची जागा हलवायची नाही. अट तोंडी होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नव्हतीच, पण सगळे पाळत होते. बाय रोज पाच वाजता काठी टेकत येई, फळीच्या टोकावर हात ठेवी आणि बसे. (बसताना ती दर वेळी 'फाइव्ह टू झीरो एट, डी नाइन थ्री' असं काहीतरी पुटपुटत असे. गुडघे दुखणाऱ्या माणसांना अशी सवय असतेच. तिची इथे नोंद घेण्याचं कारण नाही.) मग ती अर्धा तास रस्ता बघे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चार गोळ्यांपैकी तीन ती चुकवायची. हा अर्धा तास मात्र तिने कधी चुकवला नव्हता.

संकट आलं ते पुनर्विकासाच्या रूपाने. इमारत पाडून तिथे बावीस मजल्यांचा टॉवर व्हायचा होता. (टॉवरच्या माहितीपत्रकात बदामाचं झाड आहे, पण ते आठव्या मजल्यावर आहे.) बिल्डरच्या कार्यालयातून पत्र आलं, की पंचवीस दिवसांत आवार मोकळं करावं आणि आवारातल्या प्रत्येक वस्तूची यादी तीन रकान्यांत द्यावी. पहिला रकाना टाकाऊ. त्यातल्या वस्तू डेब्रिजच्या, म्हणजे राडारोड्याच्या गाडीत जातील. दुसरा वारसा, त्यातल्या वस्तू नव्या इमारतीच्या लॉबीत काचेच्या पेटीत, कुलूपबंद, हात न लावता बघण्यासाठी ठेवल्या जातील. तिसरा फर्निचर, ते सभासदांनी भाड्याच्या जागेत सोबत न्यावं आणि नव्या बागेत परत आणावं.

गुणाजींनी यादी करायला घेतली. तुळशीवृंदावन, पाण्याचा पंप, कुणाचीच नसलेली एक स्कूटर, असं करत ते फळीपाशी आले आणि थांबले. फळी कुठेच नव्हती. चाळीस वर्षांच्या दप्तरात तिचा उल्लेख नव्हता. ती टाकाऊ म्हणावी तर तिच्यावर माणूस बसलेलं होतं. फर्निचर म्हणावी तर पत्राच्या तळटीपेत स्पष्ट लिहिलं होतं, की फर्निचर म्हणजे जिचा टेबल, खुर्ची, बाक अशा नावाने कुठल्यातरी कागदावर उल्लेख आहे अशी वस्तू.

"लिही ना बाक म्हणून," हर्बर्ट म्हणाला. "सगळे बसतात ना त्याच्यावर?"

"बसतात म्हणून बाक होत नाही रे. लोक जिन्यावर पण बसतात."

"मग काय लिहिणार तू?"

"आधी ती काय आहे ते ठरवायला पायजे. ओळख पटली नाय तर पहिला रकाना, हर्बर्ट. माझ्या हातात काय नाय."

हर्बर्टने झाडाखाली बघितलं. बाय तिथे बसली होती आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं. "गुणाजी," तो म्हणाला, "ती जागा गेली ना, तर ती घरातून बाहेर नाय येणार. मी ओळखतो तिला. चेंबूरच्या त्या भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसेल." गुणाजींनाही ते ठाऊक होतं. सचिव अडला की तो उपसमिती नेमतो, तशी त्यांनी नेमली.

'वस्तू-ओळख उपसमिती'च्या एकूण सहा बैठका झाल्या. त्यातल्या दोन गणसंख्येअभावी तहकूब झाल्या आणि एक चुकून दुसऱ्याच विषयावर झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या चेतना वोरा यांनी हे लग्नातल्या मोठ्या कढईचं उलथणं असल्याचं मत नोंदवलं. एवढं मोठं उलथणं धरणार कोण, असं विचारल्यावर पूर्वीची माणसं उंच होती, असा खुलासा त्यांनी केला. हर्षद नाबर हा तरुण सभासद. त्याने मोबाइलमध्ये फोटो काढून यंत्रालाच विचारलं. यंत्राने ही वस्तू एकसष्ट टक्के सर्फबोर्ड, बावीस टक्के केळीचं पान आणि अकरा टक्के सुरमई असल्याचं सांगितलं. उरलेल्या सहा टक्क्यांविषयी यंत्राने मौन पाळलं. उपसमितीला हा अहवाल फार आवडला, कारण त्यात टक्के होते.

हर्बर्टने सांगितलं, की हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विमानाच्या पंख्याचा तुकडा आहे, त्यांच्या पप्पांनी आणलेला. परंतु हर्बर्टचे हितसंबंध गुंतलेले असल्यामुळे त्याचं मत विचारात घेता आलं नाही. शिवाय त्याचा जन्म लढाईनंतरचा. लढाईच्या काळात हजर असलेली व्यक्ती संपूर्ण इमारतीत एकच होती, पण फ्लॅट तिच्या नावावर नसल्याने ती सभासद नव्हती, आणि सभासद नसलेल्याला बैठकीत बोलता येत नाही. तरीही चौथ्या बैठकीत, जी किणींच्या घरी झाली, क्लॅरिसबाय ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "विमानाचाच पंखा हाय तो. जुहूच्या एरोड्रोमवरच्या गोऱ्याने दिला. माझ्या पप्पाने त्याला दोन कोंबड्या दिल्या." इतिवृत्तात याची नोंद 'एका ज्येष्ठ महिलेने चहा दिला' अशी आहे. ती गुणाजींच्याच अक्षरात आहे.

शेवटी, पाचच दिवस उरले असताना, हर्बर्टचं म्हणणं निदान तपासून घ्यावं असं ठरलं. जुन्या विमानांची माहिती असलेल्या एका संग्रहालयाला पत्र गेलं, सोबत बिल्डरच्या पत्राची प्रत. श्रुतिका सामंत नावाच्या तज्ज्ञ बाई शनिवारी सकाळी येऊन बघतील, असं उत्तर आलं.

आता आपल्याकडे कुणी साहेब किंवा बाई तपासणीला येणार म्हटल्यावर काय करतात, हे वेगळं सांगायला नको. शाळेत इन्स्पेक्टर आले की भिंतींना चुना लागतो, मंत्री आले की झाडांना गेरू लागतो. जे तपासायचं ते आहे त्या स्थितीत दाखवणं हा पाहुण्याचा अपमान समजला जातो. पाडायला काढलेल्या मैत्रीधामलाही त्या आठवड्यात दर्शनी बाजूने रंगाचा एक हात मारण्यात आला. गुणाजींनी फळीकडे बघितलं. काळपट, चिकट, ऐंशी वर्षांच्या बुडांनी मळलेली. बाईंना हे दाखवायचं म्हणजे क्लॅरिसबायची जागा आपल्याच हाताने गाडीत टाकण्यासारखं होतं. त्यांनी पदरमोड केली आणि पाइपलाइन रोडवरच्या धोंडू पॉलिशवाल्याला बोलावलं.

धोंडू हाताला पक्का होता. त्याने तीन प्रकारच्या पॉलिशपेपरने फळी घासली. जाड टोकाला काही खरवडल्यासारखं, ठोकल्यासारखं होतं, तिथे जास्तच जोर लावला. मग पॉलिशचे दोन हात दिले. शुक्रवारी दुपारी फळी अशी चमकत होती, की हर्षदने तिच्यासोबत स्वतःचा फोटो काढला. (घासण्याआधीचा फोटो त्याच्या मोबाइलमधून उडाला होता, सुरमईसारखी दिसणारी वस्तू कोण जपून ठेवतो?) धोंडूने पावती दिली. ती गुणाजींनी फाइलला लावली, कारण ते कुठलीही पावती फाइलला लावत.

पाच वाजता बाय आली. नेहमीप्रमाणे तिने टोकावर हात ठेवला. तिचा अंगठा तिथे काहीतरी शोधत दोनदा पुढेमागे फिरला. मग ती काही न पुटपुटता बसली. पॉलिशमुळे ती नेहमीपेक्षा जास्त सरकली.

"झकास झालं ना, बाय?" गुणाजींनी विचारलं.

"गुळगुळीत झालं रे, गुणाजी," ती म्हणाली. आणि तीन मिनिटांत उठून घरात गेली. गुणाजी तिथेच बसून राहिले. आपण काहीतरी वाईट केलंय एवढं त्यांना कळलं. काय केलंय ते कळलं नाही.

शनिवारी श्रुतिका सामंत आल्या. वय पस्तिशीचं, पाठीवर सॅक, हातात टॉर्च. गुणाजींनी गुलाबाचं फूल दिलं आणि फळीवरचा टॉवेल बाजूला केला. बाईंनी फूल सॅकच्या कप्प्यात खोचलं, गुडघ्यावर बसल्या, पितळी पत्रा बघितला, पीळ बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. "पंख्याचंच पातं आहे हे. शंकाच नाही. एक मिनिट हं." त्यांनी जाड टोकावर टॉर्च मारला. मग टॉर्च तिरका धरला. मग बोटाने चाचपलं.

"इथे नंबर असतो," त्या म्हणाल्या. "लाकडात ठोकलेला. कुठल्या नमुन्याचं, व्यास किती, सगळं त्या नंबरावरून कळतं. तो कुठाय?"

सगळ्यांनी गुणाजींकडे बघितलं.

"हे कुणी घासलं?"

"संस्थेने," गुणाजी म्हणाले. जबाबदारी अंगाला चिकटू न देण्यासाठी हा शब्द त्यांनी एकोणीस वर्षं वापरला होता. आज तो तोंडातून निघाला आणि त्यांनाच कसानुसा वाटला. "म्हणजे मी," ते म्हणाले. "मी घासून घेतलं. तुम्ही येणार म्हणून."

श्रुतिकाबाई रागावल्या नाहीत. असं त्यांनी पूर्वीही बघितलं असावं. त्यांनी वही काढली. "नंबर नाही तर मी फक्त 'लाकडी तुकडा, ओळख निश्चित नाही' एवढंच लिहू शकते. तोंडी माहितीला अर्थ नसतो हो." हर्बर्टने खाली मान घातली. ओळख निश्चित नाही म्हणजे पहिला रकाना, आणि डेब्रिजची गाडी सोमवारी सकाळी येणार होती.

इतका वेळ क्लॅरिसबाय काठीवर भार टाकून बाजूला उभी होती. तिच्या जागेवर तपासणी चालू असल्याने तिला बसता येत नव्हतं. "झालं काय तुमचं?" तिने विचारलं. "माझे गुडघे दुखतात." श्रुतिकाबाई लगबगीने उठल्या. बायने टोकावर हात ठेवला. कालच्या दिवशी राहून गेलं होतं म्हणून की काय, आज तिने ते नेहमीचं पुटपुटणं जरा मोठ्याने म्हटलं, आणि बसली.

हर्बर्टने ते ऐकलं नाही. चेतनाबेनने ऐकलं नाही. गुणाजींनीही नाही, चाळीस वर्षं रोज कानावर पडलेली गोष्ट ऐकू येणं बंद होतं, हे टेलिफोन खात्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. श्रुतिकाबाई मात्र त्या आवारात पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांचं पेन थांबलं.

"आजी, आत्ता काय म्हणालात?"

"त्याचं नाव," बाय म्हणाली. "तिथं लिवलेलं होतं. मी सहा वर्षांची होते, पप्पाने बोट धरून शिकवलं. माझे पहिले आकडे ते. पप्पा बोलायचा, कुणाच्या अंगावर बसायचं तर आधी त्याचं नाव घ्यावं, मग बसावं. मी घेते."

श्रुतिकाबाईंनी आकडे वहीत लिहून घेतले आणि टेपने फळी मोजली. नंबराच्या शेवटी येणाऱ्या व्यासाचं निम्मं आणि पात्याची लांबी यांचं गणित त्यांनी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा ते बसलं. मग त्यांनी ओलं फडकं आणि गरम इस्त्री मागितली. इस्त्री गुणाजींच्या घरची आली, वायर चेतनाबेनच्या खिडकीतून आली. "ठोकलेल्या जागी लाकूड आत दाबलेलं असतं," बाईंनी समजावलं. "वरचा थर घासला तरी खालचं दाबलेलंच राहतं. वाफ दिली की ते फुगून वर येतं. कधी कधी." बायला पुन्हा उठवण्यात आलं. फडकं ठेवलं, इस्त्री टेकवली, वाफ निघाली. तीनदा केल्यावर टॉर्चच्या तिरप्या उजेडात, धोंडूच्या दोन हात पॉलिशमधून, दुसरा आणि तिसरा आकडा अंगावर काटा यावा तसा वर आला. त्यामागोमाग ते एकुलतं एक अक्षरही.

"अरे मेल्या," गुणाजी स्वतःलाच म्हणाले. "ह्या मी रोज ऐकतंय." त्यांचे डोळे भरून आले. शरम वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच. ते जमिनीवर बसले आणि बायच्या पायाला हात लावून म्हणाले, "चुकलंय मी, बाय." बायने त्यांच्या डोक्यावर टपली मारली.

श्रुतिकाबाई हरखल्या होत्या. या नमुन्याचं पातं त्यांनी आजवर फक्त कागदावर बघितलं होतं. निःसंशय वारसा, म्हणाल्या. दुसरा रकाना. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. आनंद एकूण चार मिनिटं टिकला. हर्षदने लॉबीतल्या काचेच्या पेटीला आतून दिवा असावा अशी सूचना मांडली आणि चेतनाबेनने तिला अनुमोदन दिलं. 'स्पर्श करू नये' ही पाटी किती भाषांत असावी यावर चर्चा सुरू झाली.

"मग मी बसू कुठं?" क्लॅरिसबायने विचारलं.

इतके दिवस चाललेलं हे सगळं काम नेमकं कशासाठी होतं, हे त्या वेळी पहिल्यांदाच उपसमितीच्या लक्षात आलं. गुणाजींनी श्रुतिकाबाईंकडे बघितलं. श्रुतिकाबाई वहीकडे बघत होत्या.

"आमच्याकडे अशी अकरा पाती आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची ओळख पटली आहे. सगळी तळघरात कुलपात आहेत. मी वर्षातून एकदा धूळ झटकते." मग त्यांनी विचारलं, "धुरीकाका, त्या तळटीपेत म्हटलाय तसा, याचा उल्लेख असलेला काही कागद आहे का हो तुमच्याकडे? कुठलाही?"

गुणाजी जन्मात इतक्या वेगाने तीन जिने चढले नव्हते. फाइल आली. धोंडू पॉलिशवाल्याची पावती निघाली, निळ्या शाईत, अंगठ्याच्या डागासकट: 'बाक, नग १, घासून पॉलिश.' ऐंशी वर्षांत जगातल्या कुठल्याही कागदावर त्या पात्याचा बाक म्हणून झालेला हा एकमेव उल्लेख.

"बाय," गुणाजी म्हणाले, "बस तू."

बाय बसली. वर आलेले आकडे तिच्या फ्रॉकखाली गेले. श्रुतिकाबाईंनी अहवाल लिहिला तो असा: 'प्रत्यक्ष पाहणी केली. पाहणीच्या अखेरीस वस्तूवर ज्येष्ठ नागरिक बसलेले असल्याने क्रमांक दिसून आला नाही. संस्थेच्या दप्तरानुसार वस्तू बाक आहे. बसण्यास योग्य.' वहीतलं आकड्यांचं पान त्यांनी फाडलं, चार घड्या घालून गुलाबाच्या कप्प्यात ठेवलं आणि त्याविषयी पुढे कधीही बोलल्या नाहीत. उपसमितीने अहवाल एकमताने स्वीकारला. यातलं 'एकमताने' या वेळी खरोखरचं होतं.

बाक सध्या चेंबूरला आहे. भाड्याच्या इमारतीच्या फाटकाशी, त्याच दोन दगडांवर. गुणाजी आठवड्यातून दोनदा बस बदलून तिथे जातात, उजवीकडे बसतात, आणि बसण्याआधी आता तेही नाव घेतात.

तो क्रमांक एव्हाना जगजाहीर व्हायला हरकत नव्हती, कारण या कथेत तो सुरुवातीलाच, पूर्णपणे, कंसात दिलेला आहे. वाचकांपैकी कुणी तो लक्षात ठेवून दुसऱ्या रकान्याचा आग्रह धरील, अशी भीती संस्थेला काही दिवस वाटत होती. पण नोंद घेण्याचं कारण नाही, असं सांगितल्यावर आपण ती घेतली नाहीत, याबद्दल संस्था आपली आभारी आहे. आपल्या घरातही उठता-बसता काहीतरी पुटपुटणारं एखादं माणूस असेल. ते नेमकं काय म्हणतं, आणि बाय काय म्हणते हे वर न बघता सांगता येतं का पाहावं. येत नसेल तर काळजी नको. वस्तू-ओळख उपसमितीत सध्या एक जागा रिकामी आहे आणि आपली तिच्यावर निवड झाली आहे. अर्ज करण्याची आवश्यकता नाही.